छतावरची सोयरीक

मंडळी, आज जरा मान वर करायची आहे. व्हेनिसच्या मोठ्या कालव्याकाठी 'का रेझोनिको' नावाचा वाडा आहे. त्यातल्या एका दालनाच्या छतावर अख्खं लग्न रंगवलेलं आहे. काळ रोकोको शैलीचा, चित्रकार जाम्बातिस्ता तिएपोलो.

सूर्यदेव अपोलोच्या रथात नवरा-नवरी बसली आहेत. रथाला चार पांढरे घोडे. डोळ्यांवर पट्टी बांधलेला मदन पुढे उडतोय, कीर्तिदेवता तुतारी घेऊन हजर आहे. एका बाजूला पानांचा मुकुट घातलेला म्हातारा, तो म्हणजे 'कर्तृत्व'. त्याच्या निशाणावर दोन्ही घराण्यांची कुलचिन्हं.

आता वरपक्ष पाहा. रेझोनिको मूळचे कोमोकडचे, बाहेरचे. व्हेनिसला तुर्कांशी लढायला पैसा हवा होता म्हणून सरदारकी विकत मिळे. ती यांनी १६८७ मध्ये लाखभर ड्युकॅट मोजून घेतली. वाडाही मूळचा यांचा नव्हे. बोन घराण्यानं बांधायला काढला, पैसा संपला, तो यांनी विकत घेऊन पुरा केला. उरलं होतं जुनं कूळ. तेही १७५८ मध्ये आलं: लुडोविकोची वधू फाउस्टिना ही साव्होर्न्यान या नामांकित घराण्यातली. त्याच वर्षी वराचे काका पोप झाले, मग काय विचारता!

मला गंमत वाटते ती त्या मदनाची. प्रेम आंधळं, म्हणून त्याच्या डोळ्यांवर पट्टी. पण ही सोयरीक जुळवणाऱ्यांचे डोळे चांगले उघडे होते की हो!

आणि तो रथ? तोही पहिल्यांदा यांच्यासाठी निघालेला नाही. जर्मनीत व्युर्झबुर्गच्या राजवाड्यात याच तिएपोलोनं १७५२ मध्ये सम्राट बार्बारोसाचं ११५६ मधलं लग्न रंगवलं. तिथे अपोलो आपल्या रथातून सम्राटाची वधू घेऊन येतो. पाच-सहा वर्षांत तोच थाट व्हेनिसच्या नवश्रीमंतांच्या छतावर आला. ओल्या गिलाव्यावरचं हे काम तिएपोलोनं मुलाला हाताशी घेऊन अवघ्या बारा दिवसांत उरकलं म्हणतात. उरकलं म्हटलं तरी रंग बघावेत, घोडे अंगावर येतात.

असो. १७९७ मध्ये व्हेनिसचं प्रजासत्ताक बुडालं, १८१० मध्ये रेझोनिकोंचा वंशही खुंटला. वाडा १९३६ पासून संग्रहालय आहे. तिकीट काढलं की कुणीही आत जाऊन फाउस्टिनाच्या वरातीला हजेरी लावू शकतो.