सव्वीस सेकंदांची फिल्म आणि टीकेचा हक्क

२२ नोव्हेंबर १९६३. अमेरिकेतील डॅलस शहरात राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांची उघडी मोटार डीली प्लाझा या चौकातून चालली होती. अब्राहम झॅप्रुडर नावाचे एक गृहस्थ काँक्रीटच्या कठड्यावर उभे राहून आपल्या ८ मिलिमीटरच्या घरगुती कॅमेऱ्याने तिचे चित्रण करीत होते. त्यांचा व्यवसाय स्त्रियांचे तयार कपडे बनवण्याचा, छायाचित्रण ही केवळ हौस. त्या सुमारे २६ सेकंदांत केनेडींवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि ४८६ फ्रेमची ती रंगीत फिल्म त्या हत्येचा सर्वांत महत्त्वाचा दृश्य पुरावा ठरली.

या फिल्मवरून पुढे एक खटला झाला. बातमीचे चित्र एकाच्या मालकीचे असेल, तर त्या चित्रावरून काढलेले निष्कर्ष तपासू पाहणाऱ्या दुसऱ्याने काय करावे, हा त्यातला प्रश्न होता. तो वकिलांचा वाटला तरी पुराव्यावर विश्वास ठेवणाऱ्या प्रत्येकाचा, म्हणजे विज्ञान शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांचाही आहे.

छायाचित्राला मालक कसा मिळाला?

कॅमेरा हे यंत्र. समोर जे असेल ते यंत्र टिपते. मग त्यात माणसाची निर्मिती कोणती? हा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात १८८४ साली सुटला. नेपोलियन सॅरोनी या छायाचित्रकाराने लेखक ऑस्कर वाइल्ड यांचे एक छायाचित्र काढले होते. एका शिळाछाप कंपनीने त्याच्या ८५,००० प्रती छापल्या. न्यायालयाने म्हटले की वाइल्ड यांची बैठक, पोशाख, प्रकाश आणि छाया यांची योजना सॅरोनी यांच्या कल्पनेतून झाली. म्हणून ते छायाचित्र त्यांची निर्मिती आहे आणि त्याला स्वामित्वहक्काचे संरक्षण आहे.

झॅप्रुडर यांनी मात्र काहीच मांडले नव्हते. जे घडले ते त्यांनी टिपले. तरीही फिल्म विकण्याचा हक्क त्यांचा होता. ‘लाइफ’ या सचित्र साप्ताहिकाने ती सर्व हक्कांसह दीड लाख डॉलरला, हप्त्यांनी, विकत घेतली. पहिल्या हप्त्याचे २५,००० डॉलर झॅप्रुडर यांनी त्याच दिवशी मारल्या गेलेल्या एका पोलीस अधिकाऱ्याच्या विधवेला दिले. ‘लाइफ’ने निवडक फ्रेम छापल्या, चलच्चित्र म्हणून ती फिल्म मात्र लोकांना दाखवली नाही.

फिल्म हेच घड्याळ

सरन्यायाधीश वॉरन यांच्या चौकशी आयोगाने ही फिल्म अभ्यासली. हा कॅमेरा सेकंदाला सरासरी १८.३ फ्रेम घेत होता, असे तपासणीत आढळले. म्हणजे दोन फ्रेममधील अंतर सुमारे ०.०५५ सेकंद. प्रत्येक फ्रेमला क्रमांक दिला की फिल्मचे घड्याळ होते.

केनेडींना प्राणघातक जखम झाली ती ३१३ क्रमांकाच्या फ्रेममध्ये. त्याआधीची गोळी त्यांना २१० ते २२५ या फ्रेमच्या दरम्यान लागली असावी, असे आयोगाचे मत. ३१३ मधून हे आकडे वजा करून १८.३ ने भागले, की दोन जखमांमधले अंतर ४.८ ते ५.६ सेकंद येते. आरोपी ओसवाल्डच्या बंदुकीतून लागोपाठ दोन गोळ्या झाडायला निदान २.३ सेकंद, म्हणजे सुमारे ४२ फ्रेम लागत. एकच मारेकरी होता की अधिक, हा वाद अशा गणितावर उभा राहिला.

आयोगाने १९६४ साली या फ्रेम कृष्णधवल छापून प्रसिद्ध केल्या. त्यात ३१४ आणि ३१५ या फ्रेमची अदलाबदल झाली होती. क्रम बदलल्याने डोक्याची हालचाल उलट दिशेने झाल्यासारखी दिसे. ही छपाईतील चूक असल्याचे पुढे एफबीआयने मान्य केले. चित्रे लोकांसमोर होती म्हणूनच ती पकडली गेली, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

कोळशाची रेखाचित्रे

जोसाया थॉम्पसन हे हॅवरफर्ड महाविद्यालयात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते. १९६६ साली ‘लाइफ’ने त्यांना या विषयावर सल्लागार म्हणून घेतले. तेथे मूळ फिल्मच्या फ्रेम पाहताना त्यांनी स्वतःच्या कॅमेऱ्याने गुपचूप त्यांची छायाचित्रे घेतली. आयोगाचा निष्कर्ष चुकीचा असून मारेकरी एकापेक्षा जास्त होते, असे त्यांचे मत बनले. ते मांडणाऱ्या ‘सिक्स सेकंड्स इन डॅलस’ या पुस्तकासाठी त्यांना काही फ्रेम छापायच्या होत्या. परवानगी मिळावी म्हणून पुस्तकाचा सर्व नफा ‘लाइफ’ला देण्याची तयारी दाखवली गेली. ‘लाइफ’ने नकार दिला. तेव्हा त्यांनी एका चित्रकाराकडून त्या फ्रेमची कोळशाने रेखाचित्रे करवून घेतली आणि १९६७ मध्ये पुस्तक प्रसिद्ध झाले. ‘लाइफ’ची मालक असलेली टाइम कंपनी न्यायालयात गेली.

न्यायाधीश इन्झर वायट यांचा १९६८ चा निर्णय शिक्षकांनी समजून घ्यावा असा आहे. त्यांनी प्रथम ‘लाइफ’ची बाजू बऱ्याच अंशी मान्य केली. झॅप्रुडर यांनी कॅमेरा, भिंग, फिल्म, जागा आणि वेळ निवडली; तेवढी निवड स्वामित्वहक्काला पुरते. घटनेवर कोणाची मालकी नसते, परंतु घटनेच्या विशिष्ट नोंदीवर असू शकते. कोळशाने काढली म्हणून चित्रे निराळी ठरत नाहीत; ती नक्कलच होय. थॉम्पसन यांनी गुपचूप केलेल्या प्रतींबद्दलही न्यायाधीशांनी नापसंती व्यक्त केली. मात्र हीच चित्रे सरकारी अभिलेखागारातून किंवा ‘लाइफ’च्याच अंकांतून मिळवता आली असती, हेही त्यांनी नोंदवले.

आणि तरीही त्यांनी निकाल पुस्तकाच्या बाजूने दिला. राष्ट्राध्यक्षाच्या हत्येविषयी पूर्ण माहिती मिळणे हे लोकांच्या हिताचे आहे. लोक हे पुस्तक घेतात ते त्यातील उपपत्तीसाठी. चित्रे ती समजण्यासाठी लागतात. शिवाय ‘लाइफ’च्या धंद्याला त्याने तोटा झाल्याचे दिसत नाही. म्हणून हा ‘न्याय्य वापर’ आहे. वापराचा हेतू काय, मूळ कृती कशा प्रकारची, तिचा किती भाग घेतला आणि तिच्या बाजारावर परिणाम काय, हे त्यामागचे चार प्रश्न. १९७६ च्या अमेरिकी कायद्यात ते कलम म्हणून आले.

टीकाकारावर टीका

न्यायालयाने पुस्तक प्रसिद्ध राहू दिले. थॉम्पसन यांचे मत बरोबर आहे असे म्हटले नाही. ते काम वाचकांचे होते आणि एका वाचकाने ते केले. भौतिकीतील १९६८ चे नोबेल मिळवणारे लुई अल्वारेझ यांनी प्रसिद्ध झालेल्या फ्रेमवरून अभ्यास करून १९७६ साली ‘अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्स’मध्ये निबंध लिहिला. काही फ्रेममध्ये मोटारीवरील चकाकणारे ठिपके रेघांसारखे लांबलेले होते. बंदुकीच्या आवाजाने दचकून झॅप्रुडर यांचा हात हलला असावा, असा अर्थ त्यांनी लावला आणि त्यावरून गोळ्यांच्या वेळा काढल्या. ३१३ नंतर केनेडींचे डोके मागे जाते, म्हणून गोळी पुढून आली, असे थॉम्पसन म्हणत. अल्वारेझ यांनी चिकटपट्टी गुंडाळलेल्या खरबुजांवर गोळ्या झाडून पाहिल्या. खरबुजे बंदुकीच्या दिशेने मागे आली. गोळीपेक्षा जास्त संवेग घेऊन आतील द्रव्य पुढे फेकले गेले, तर उरलेला भाग मागे येतो. संवेग अक्षय्यतेचा हा साधा नियम.

वाद तेथे थांबला नाही. थॉम्पसन यांनी २०२१ साली आणखी एक पुस्तक लिहिले. अल्वारेझ यांच्या गटाने नारळासारख्या इतर वस्तूंवरही गोळ्या झाडल्या होत्या, त्या मागे आल्या नाहीत आणि ते निबंधात आले नाही, असा आक्षेप त्यांनी घेतला. त्याचबरोबर ३१२ आणि ३१३ या फ्रेममध्ये डोके पुढे सरकल्याचे आपले जुने मोजमाप चित्र पुसट झाल्याने फसले होते, हेही मान्य केले. कोणाचे बरोबर, यावर अजूनही वाद घालणारे आहेत. परंतु प्रत्येक वेळी एकाची चूक दुसऱ्याला दाखवता आली ती फ्रेम दोघांसमोर होत्या म्हणून.

मूळ फिल्म दूरचित्रवाणीवर देशभर दिसली ती १९७५ च्या मार्चमध्ये. त्याच वर्षी टाइम कंपनीने ती एका डॉलरला झॅप्रुडर कुटुंबाला परत केली. पुढे मूळ फीत सरकारने ताब्यात घेतली आणि १९९९ साली भरपाई ठरली १ कोटी ६० लाख डॉलर. स्वामित्वहक्क मात्र कुटुंबाकडेच राहिला व नंतर त्यांनी तो डॅलसच्या ‘सिक्स्थ फ्लोअर’ संग्रहालयाला दिला. वस्तूची मालकी आणि स्वामित्वहक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण.

आपल्या वर्गात

भारताच्या १९५७ च्या कायद्यातील ५२ वे कलमही संशोधन, टीका वा परीक्षण आणि चालू घडामोडींचे वार्तांकन यांसाठी रास्त वापराला मुभा देते. अध्यापनासाठीही त्यात तरतूद आहे. याचा अर्थ कोणतेही चित्र उचलावे असा नव्हे. दंगल, पूर, युद्ध यांत जीव धोक्यात घालून छायाचित्रे काढणाऱ्यांचे पोट त्या छायाचित्रांवर चालते. आपल्या मजकुराला शोभा यावी म्हणून त्यांचे चित्र वापरणे ही टीका नव्हे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली, अँडी वॉरहॉल यांनी एका छायाचित्रावरून केलेल्या चित्राच्या खटल्यात, असाच भेद केला. मूळ छायाचित्र ज्या कामासाठी वापरले जाते त्याच कामासाठी, म्हणजे मासिकात व्यक्तीचे चित्र म्हणून, ते मोबदला घेऊन वापरायला दिले गेले होते. म्हणून वापराच्या हेतूचा मुद्दा छायाचित्रकार लिन गोल्डस्मिथ यांच्या बाजूने गेला.

विद्यार्थ्यांना एक प्रयोग द्यावा. वर्तमानपत्रातील एखादे बातमीचे छायाचित्र घेऊन वहीत दोन रकाने करावेत: चित्रात प्रत्यक्ष काय दिसते, आणि बातमीदाराने त्यावरून काय म्हटले आहे. दोहोंत फरक आढळला तर तो दाखवायला चित्राचा नेमका कोणता भाग पुरेसा आहे हे ठरवून तेवढाच घ्यावा आणि खाली छायाचित्रकाराचे नाव लिहावे. दोन रकान्यांतील फरक ओळखणे हे निरीक्षणाचे शिक्षण आहे, आणि लागेल तेवढेच घेऊन श्रेय देणे ही टीकाकाराची जबाबदारी.