एकपेशीय जीवांचा आकार कोण ठरवितो?

साचलेल्या पाण्याचा थेंब सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं धरला, तर चपलेच्या तळव्यासारखा एक जीव त्यांत सरसर फिरतांना पुष्कळदां दिसतो. हाच पॅरामीशियम. सर्वांगावर बारीक रोमांच्या ओळी, आणि सारा देह एकाच पेशीचा! अशा जीवांचा आकार कशामुळें बदलतो, या साध्या प्रश्नानें शास्त्रज्ञांना पाऊण शतक गुंतवून ठेविलें.

१९०८ सालीं अमेरिकेंतील हर्बर्ट स्पेन्सर जेनिंग्ज यांनीं या जीवांचीं हजारों मोजमापें प्रसिद्ध केलीं. अन्न मुबलक मिळालें कीं देह भरतो, उपास घडला कीं रोडावतो. परंतु एकाच जीवापासून निघालेल्या वंशांतून मोठे तेवढे निवडून वाढविले, तरी प्रजा कांहीं मोठी होईना. तेव्हां परिस्थिति वरवरचा फरक करते, खरा आकार वंशाचा, असें ठरल्यासारखें वाटलें.

पण वंशाचा म्हणजे नक्की कशाचा? जेनिंग्ज यांचेच शिष्य ट्रेसी सॉनेबॉर्न आणि फ्रेंच विदुषी जानीन बेसों यांनीं १९६५ सालीं याचें उत्तर दिलें, आणि तें मोठें चमत्कारिक होतें. त्यांच्या कांहीं पॅरामीशियमांच्या अंगावर रोमांच्या थोड्या ओळी उलट्या दिशेनें बसल्या होत्या. जीव दुभंगून दोन होत, त्यांचे चार होत, तरी शेकडो पिढ्या त्या ओळी उलट्याच राहिल्या. सरळ ओळींच्या जीवाशीं मीलन झाल्यावर दोघांचीं जनुकें सारखीं होतात; तरीहि उलट्याची प्रजा उलटी, सरळाची सरळ! जुन्या ओळीच्या शेजारीं नवी ओळ तिच्याच धर्तीवर घडते. गवंडी पहिल्या थराकडे पाहून दुसरा रचतो, तसेंच हें. केंद्रकांतील जनुकांनाच सर्वाधिकारी मानण्याच्या त्या काळांत हा शोध पचणें सोपें नव्हतें.

परिस्थितीचा हातहि जेनिंग्ज यांना वाटला त्याहून लांब निघाला. जर्मनींत म्युन्स्टर येथें कुल्मान व हेकमान यांनीं १९८५ सालीं दाखविलें कीं, युप्लोटीस नांवाच्या रोमधारी जीवाच्या पाण्यांत लेम्बेडियन हा त्याचा भक्षक सोडला, कीं थोड्याच तासांत युप्लोटीस रुंदावतो व त्याला दोन्ही बाजूंस पंखांसारखे पसारे फुटतात. मग तो भक्षकाच्या तोंडांत मावत नाहीं. भक्षकाच्या देहांतून पाझरणारें द्रव्यच ही सूचना देतें. म्हणजे शिकारी स्वतःच सावजाला सावध करतो! मात्र ही तटबंदी फुकट होत नाहीं. पंख वागविणाऱ्या जीवाची विभागणी लांबते, आणि भक्षक नाहींसा झाला कीं पुढील पिढ्यांत ते पंख पुनः ओसरतात.