मत्स्यमार्ग (यमुना, दिल्ली)

बंधारा ओलांडून माशांना वर-खाली जाता यावे म्हणून राखलेली पाण्याची वाट [→ मत्स्यसोपान].

दिल्लीत वझिराबाद ते ओखला हे यमुनेचे सुमारे २२ किमी. पात्र सर्वांत अवघड. वझिराबादला पिण्याचे पाणी उचलले जाते आणि बंधाऱ्याच्या लगेच खाली नजफगढ नाल्याचे सांडपाणी नदीत मिसळते. उन्हाळ्यात पाण्यातला प्राणवायू अनेकदा शून्यावर येतो. नुसता सोपान बांधून भागत नाही, तो चढायला मासा जिवंत हवा. पावसाळ्यात दरवाजे उघडले की वाट तेवढ्यापुरती मोकळी होते.

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ मध्ये नदीच्या वरच्या बाजूच्या हथनीकुंड बंधाऱ्यातून सेकंदाला १० घनमीटर पाणी सोडण्यास सांगितले [→ पर्यावरणीय प्रवाह]. वझिराबादजवळच्या यमुना जैवविविधता उद्यानात दिल्ली विकास प्राधिकरणाने पूरमैदानातील पाणथळी पुन्हा घडवल्या आहेत.