थकवा रक्तातून येतो?

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या कारखान्यांच्या पट्ट्यात थकव्याची ओळख कोणाला करून द्यावी लागत नाही. रातपाळी करून आलेला कामगार दुपारपर्यंत झोपतो आणि संध्याकाळी ताजातवाना होतो. श्रम केले की थकवा, विश्रांती घेतली की उतार, हे आपले रोजचे गणित. पण समजा, याच कामगाराला तोंडाचा कर्करोग झाला आणि किरणोपचार सुरू झाले, तर हे गणित चुकते. उपचाराच्या वेळी तो काही मिनिटे नुसता पडून असतो. तरीही तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात त्याला जिना चढवत नाही, आणि रात्रभर झोपूनही सकाळी अंग उचलत नाही. ‘नुसता शेक तर घेतो, मग दमायला काय झाले?’ असे घरचे विचारतात. प्रश्न साधा आहे. पण त्याचे उत्तर मिळायला शंभर वर्षे लागली आणि तेही अजून पुरे झालेले नाही.

थकव्याचा शास्त्रीय अभ्यास सुरू झाला तो श्रमाच्या थकव्यापासून. इटलीतील ट्यूरिनचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ आंजेलो मोस्सो यांनी बोटाने वजन उचलताना स्नायूची शक्ती कशी घटत जाते याचा आलेख काढणारे यंत्र बनवले. १८९१ साली त्यांचे थकव्यावरील पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यांचा एक प्रयोग लक्षात ठेवण्याजोगा आहे. दमलेल्या कुत्र्याचे रक्त त्यांनी न दमलेल्या कुत्र्याच्या शरीरात सोडले, तेव्हा त्याच्यातही थकव्याची लक्षणे दिसली. म्हणजे थकवा आणणारे काहीतरी रक्तात असावे! पुढे काही संशोधकांनी या ‘थकव्याच्या विषा’चा पाठपुरावा केला. पण असे एकच एक विष सापडले नाही आणि ही कल्पना मागे पडली.

दरम्यान १८९५ साली रंटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला आणि पुढच्याच वर्षी ते कर्करोगावर वापरून पाहण्यास सुरुवात झाली. १९४१ साली मुंबईत परळला टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. गाठ विरघळते का, कातडी भाजते का, हे डॉक्टरांना डोळ्यांनी दिसत होते. थकवा मात्र दिसत नाही. तो रुग्णाने सांगायचा आणि इतरांनी विश्वास ठेवायचा. त्यामुळे ‘आजार मोठा आहे, मन खचले आहे,’ एवढ्यावरच तो विषय संपे.

उत्तराचा धागा वेगळ्याच ठिकाणी सापडला, तो म्हणजे तापात. १९५४ साली स्थापन झालेल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये ज्या जंतूंविरुद्ध पेनिसिलिन तयार होऊ लागले, ते जंतू शरीरात शिरले की ताप येतो, भूक मरते, पडून राहावेसे वाटते. हे सारे जंतूच करतात असे नाही. आपल्याच पांढऱ्या पेशी काही प्रथिने रक्तात सोडतात आणि ती मेंदूला संदेश देतात. १९७७ साली अमेरिकेत चार्ल्स डिनारेलो आणि सहकाऱ्यांनी ताप आणणारे असे एक प्रथिन शुद्ध स्वरूपात मिळवले. १९७९ पासून ते इंटरल्यूकिन-१ या नावाने ओळखले जाऊ लागले. आजारी प्राण्याची मरगळ म्हणजे निव्वळ दुर्बलता नसून रोगाशी लढण्यासाठी शक्ती राखून ठेवण्याची शरीराची योजना आहे, असे बेंजामिन हार्ट यांनी १९८८ मध्ये मांडले.

आता किरणोपचाराकडे वळू. किरणांनी गाठीतील पेशी मरतात, तसेच आसपासच्या निरोगी ऊतींनाही इजा होते. जखमी ऊतींत दाह सुरू होतो. जंतू नसले तरी तापातल्यासारखेच संदेश रक्तातून आणि मज्जातंतूंमधून मेंदूकडे जाऊ शकतात. १९९३ साली डोना ग्रीनबर्ग यांनी पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगाचे १५ रुग्ण तपासले. पहिल्या ते चौथ्या आठवड्यात थकवा वाढला, तसे रक्तातील इंटरल्यूकिन-१ ही वाढले. २००९ मध्ये ज्युलियन बॉवर यांना दाहाच्या दुसऱ्या दोन खुणा थकव्याबरोबर वाढताना आढळल्या. इंटरल्यूकिन-१ चा एक मुख्य प्रकार मात्र त्यांत नव्हता. म्हणजे दिशा पटण्यासारखी आहे, पण नेमका निरोप्या कोण हे अजून ठरायचे आहे. शिवाय रक्तक्षय, तोंड आल्यामुळे कमी पडणारा आहार, मोडलेली झोप आणि चिंता यांचीही त्यात भर पडते. म्हणून थकवा डॉक्टरांना सांगितलाच पाहिजे. यातली काही कारणे तपासणीत सापडतात आणि त्यांवर उपाय करता येतो.

उपायही श्रमाच्या थकव्याहून वेगळा आहे. १९९७ साली व्हिक्टोरिया मॉक यांनी किरणोपचार घेणाऱ्या स्तनकर्करोगाच्या रुग्णांना घरच्या घरी नियमित चालण्याचा कार्यक्रम दिला. चालणाऱ्या स्त्रियांना थकवा कमी जाणवला. पुढच्या अनेक अभ्यासांतही असेच दिसले. मात्र किती चालायचे हे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच ठरवावे. बहुतेकांचा हा थकवा उपचार संपल्यावर काही आठवड्यांत उतरू लागतो. काहींचा महिनोन्‌महिने टिकतो.

मोस्सो यांना जे विष वाटले, तो शरीराचा निरोप असावा असे आज किरणोपचाराच्या थकव्याबाबत दिसते. वर्गात हे शिकवताना मुलांना विचारा: मागच्या वेळी ताप आला तेव्हा तुम्ही काहीही काम न करता का दमला होता? एखाद्या बाकावर असा मुलगा बसलेला असेल, ज्याचे वडील शेक घेऊन येतात आणि दिवसभर पडून असतात. वडील आळशी झालेले नाहीत, हे त्याला कोणी न सांगताच कळेल.