रोखा उघडला, निकाल मिटला

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे हिसकावून जाळले, हे आम्ही वर्गात नेहमी सांगतो. त्या दंग्यांनंतर १८७९ साली आलेल्या डेक्कन अ‍ॅग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ अ‍ॅक्टचे मर्म मात्र क्वचितच उलगडतो. रकमेबद्दल वाद असेल, तर न्यायाधीशाने रोख्यावरील आकड्यापाशी न थांबता देवघेवीचा आरंभापासूनचा इतिहास तपासावा, असे त्या कायद्याने ठरवले. कागदापुढे ऋणकोच्या हकिकतीला स्थान मिळाले.

पण ही हकिकत कितीदा सांगता येणार? या दाव्यांनाही दिवाणी प्रक्रिया संहिता लागू होती आणि तिच्यात पूर्वन्यायाचे तत्त्व होते: त्याच पक्षकारांमध्ये एकदा निकालात निघालेला मुद्दा पुन्हा उभा करता येत नाही. १८७७ च्या संहितेनुसार तर पहिल्या दाव्यात जे मांडता आले असते आणि मांडायला हवे होते, तेही मांडले गेले असेच धरले जाई.

हे तत्त्व आपल्याला परके नव्हे. मिताक्षरेत प्रतिवादीच्या चार उत्तरांपैकी ‘प्राङ्न्याय’ हे एक आहे. वादाला अंत हवाच. एरवी हरलेला सावकारही पुन्हा दावा लावील. मात्र तारखेला हजर न राहिलेल्या शेतकऱ्याविरुद्ध एकतर्फी हुकूमनामा झाला आणि तो मुदतीत रद्द करून घेतला गेला नाही, की त्याचे मौन हेच त्याचे म्हणणे ठरे. मौनाचे अनेक अर्थ असतात, असे आम्ही वाङ्मय शिकवताना म्हणतो. न्यायालयाला त्यातला एकच अर्थ मान्य होता.