श्वेतजलाची खाचरे

चीनच्या युन्नान प्रांताच्या वायव्य भागात, हाबा या हिमशिखराच्या पायथ्याशी, बाइशुइताइ नावाचे जे स्थान आहे, ते दुरून पाहताच कोकणातल्या डोंगरउतारावर एकाखाली एक उतरत गेलेल्या भातखाचरांची आठवण व्हावी; मात्र येथील बांध कोणा कुळाने घातलेले नसून पाण्यानेच घातलेले आहेत. भूगर्भातील चुनखडक विरघळवीत आलेला झरा उघड्यावर येताच त्यातील कर्बवायू निघून जातो, आणि पाण्याला न पेलणारा चुना काठाकाठाने साचत राहून शुभ्र कुंडांची उतरंड उभी राहते. माणसाला बांधबंदिस्ती शिकविण्यासाठी देवांनी ही खाचरे घालून दाखविली, अशी तेथील नाशी लोकांची श्रद्धा आहे. आणि चित्रलिपीत पोथ्या लिहिणाऱ्या त्यांच्या दोंगबा पुरोहितांचे हे पवित्र पीठ असल्याने दुसऱ्या चांद्रमासाच्या आठव्या दिवशी आसपासची गावे येथे पूजेस जमतात.

मिंग राजवटीत या मुलखावर लीच्यांगच्या मू घराण्याचा अंमल होता. 1382 साली या घराण्याने बादशहाची ताबेदारी पत्करली, तेव्हा 'मू' हे आडनाव त्यास दरबारातूनच मिळाले आणि वंशपरंपरेचा कारभारही कायम झाला. आपल्याकडील वतनाच्या सनदांशी या व्यवहाराचे साम्य सहज ध्यानात येते. याच घराण्यातील मू काओ याने 1554 साली येथील खडकावर चिनी भाषेत एक कविता कोरविली. 1723 साली छिंग सरकारने तो पिढीजाद कारभार काढून घेऊन लीच्यांगवर आपले अंमलदार नेमले. एका वतनदाराने आपल्या हक्कांची नोंद न कोरता कविता कोरावी, याचे मला फार अप्रूप वाटते.

झऱ्याने ठेवलेले दप्तर मात्र याहून सलग आहे. सह्याद्रीला भिजविणारा नैऋत्य मोसमी पाऊस युन्नानपर्यंतही पोहोचतो, आणि त्याने झरा अधिक जोमाने बांध रचू लागत असेल अशी कोणाचीही कल्पना होईल. प्रत्यक्षात पावसाचे पाणी मिसळून चुन्याचे प्रमाण उतरते, साचण्याची गती मंदावते, आणि उतारावरून वाहून आलेली माती त्या थरात बसते. त्यामुळे कोरड्या महिन्यांतला थर जाड, पांढरा व सच्छिद्र, तर पावसाळ्यातला पातळ, तपकिरी व घट्ट होतो, आणि अशा जोडथरांवरून अभ्यासक वृक्षाच्या वलयांप्रमाणे वर्षे मोजतात. ऐन श्रावणात तेथे गेलेल्या प्रवाशाचा कुंडांच्या मळकट कडा पाहून विरस होण्याचा संभव आहे. परंतु तो छत्री सावरून उभा असतो त्याच दिवसांत त्या सालची तपकिरी ओळ त्याच्या पायांशी उमटत असते.