मस्तकाची दुखापत आणि खेळाडूचा शब्द

मैदानावर मार खाऊनही ‘कांहीं झालें नाहीं’ म्हणणाऱ्या खेळाडूचें आपण कौतुक करितों. परंतु मस्तकाच्या दुखापतीचा इतिहास पाहिला म्हणजे या कौतुकास आवर घालावासा वाटतो.

मार्च १९६२ मध्यें ब्रिजटाउन येथें भारतीय क्रिकेटसंघाचा बार्बाडोसशीं सामना चालू असतां, चार्ली ग्रिफिथचा चेंडू कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या मस्तकावर आदळला. कवटी भंगली आणि प्राणांवर बेतलें. तांतडीनें शस्त्रक्रिया झाल्या. वेस्ट इंडीजचे कर्णधार फ्रँक वॉरेल यांनीं, तसेंच आपल्या चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी व पॉली उम्रीगर यांनीं, रक्त दिलें. कॉन्ट्रॅक्टर वांचले, पुढें पुन्हां खेळलेही; मात्र कसोटी सामना त्यांच्या वांट्यास पुन्हां आला नाहीं.

मेंदूचीं छेदचित्रें दाखविणारें सीटी स्कॅन यंत्र तेव्हां नव्हतें. लंडनमध्यें पहिल्या रुग्णावर तें १९७१ सालीं वापरलें गेलें. १९७४ मध्यें ग्लासगोच्या टीसडेल व जेनेट यांनीं डोळे उघडणें, बोलणें आणि हालचाल यांस गुण देऊन शुद्धि मोजण्याची रीत घालून दिली. मार्च १९७८ मध्यें त्याच ब्रिजटाउनच्या मैदानावर ग्रॅहम यॅलप हेल्मेट घालून कसोटी खेळले. कसोटींतील तें पहिलें हेल्मेट होय.

तथापि हाड न मोडतांही मेंदूस हादरा बसतो आणि तो बहुधा छेदचित्रांत दिसत नाहीं. म्हणून वैद्य प्रश्न विचारतो: आपण कोठें आहों? शेवटची धाव कोणीं काढली? तो खेळाडूस एका रेषेंत चालावयास लावून तोल पाहतो. संशय येतांच त्या दिवसाचा खेळ बंद. एक-दोन दिवस विसांवा, मग पायरीपायरीनें सराव, हाच उपचार. डोकेदुखी वाढत गेली, वारंवार वांति झाली किंवा गुंगी आली, तर क्षणाचाही विलंब न लावितां रुग्णालय गांठावें.

२०१९ पासून आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्यें अशा खेळाडूऐवजीं बदली खेळाडू फलंदाजी व गोलंदाजीही करूं शकतो. त्यामुळें संघास उणीव भासेल या भीतीनें दुखापत लपविण्याचें कारण उरलें नाहीं. ज्या मेंदूनें ‘मी ठीक आहें’ असा निवाडा द्यावयाचा, तोच येथें जायबंदी असतो. तेव्हां शाळेच्या मैदानावरून डोक्यास मार लागून आलेल्या मुलाच्या नुसत्या शब्दावर आपण तरी कां विसंबावें?